एम. ए. अर्थशास्त्र : उत्तरपत्रिका मराठीत लिहावी की इंग्रजीत?

गोदाकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी निफाड तालुक्यातील एका कांदा उत्पादक कुटुंबातील मुलगी आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातून मराठी माध्यमात, अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन 2025 मध्ये बी. ए. झाले आणि आता पुण्यात एम. ए.च्या पहिल्या वर्षात शिकत आहे. आमची व्याख्याने इंग्रजीत होतात, वाचनयादीतील जवळजवळ सर्व पुस्तके इंग्रजी आहेत, परंतु उत्तरपत्रिका मराठीत अथवा इंग्रजीत लिहिण्याची मुभा आहे. परीक्षेच्या अर्जात माध्यम नोंदवावे लागते आणि त्याची मुदत जवळ आली आहे, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

माझी अडचण शब्दसंग्रहाची नाही. समवृत्ती वक्र, सीमांत उपभोग प्रवृत्ती, तुटीचा अर्थभरणा या संज्ञांची इंग्रजी नावे मला पाठ आहेत आणि व्याख्यानही बऱ्यापैकी समजते. अडते ते लिहिताना. एका घटकामुळे दुसरा घटक का बदलतो, कोणत्या अटीवर बदलतो आणि ती अट मोडली तर काय होते, हे मराठीत मी सलग दोन पाने लिहू शकते. तेच इंग्रजीत लिहावयास बसले की चार-पाच तुटक वाक्ये होतात, त्यांतला युक्तिवाद गळून पडतो आणि मागे केवळ व्याख्या उरते. मागे एका चर्चासत्रात मला कॉबवेब सिद्धांत मांडावयाचा होता. गेल्या हंगामातील भाव पाहून शेतकरी या हंगामातील लागवड ठरवतो, सगळ्यांनी तसेच ठरवल्यामुळे आवक वाढून भाव कोसळतो आणि पुढच्या हंगामात लागवड घटते, हे चक्र मी कळू लागल्यापासून घरात पाहत आले आहे. प्रत्यक्षात फळ्यावर आकृती काढून झाल्यावर मला पुढे बोलता आले नाही आणि उरलेले स्पष्टीकरण सरांनीच पूर्ण केले.

घरची बाजूही सांगते, कारण हा निर्णय माझ्या एकटीचा नाही. अण्णांचा आग्रह इंग्रजीचा आहे आणि त्याला कारण आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा गावात तऱ्हेतऱ्हेच्या वार्ता पसरल्या होत्या. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना दादाच्या मोबाइलवर आली आणि मी शब्दकोश जवळ घेऊन ती वाचून दाखवली : बंदी 31 मार्च 2024 पर्यंत आहे, आधीच जहाजात चढवलेल्या मालाला सवलत आहे, आणि एखाद्या देशाने विनंती केल्यास केंद्र सरकार त्या देशापुरती परवानगी देऊ शकते. त्या दिवसापासून अण्णांच्या लेखी माझे शिक्षण म्हणजे असा कागद वाचता येणे. दादाने बारावीनंतर शिक्षण सोडून शेती सांभाळली, म्हणून मला पुढे शिकता आले. त्याचे म्हणणे असे की मराठीत लिहून चांगले गुण मिळवावेत आणि राज्यसेवेची तयारी करावी. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, अर्थशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. आईला एवढेच हवे आहे की दोन वर्षांची तीन वर्षे होऊ नयेत.

मी कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करते, त्यामुळे इंग्रजीच्या वेगळ्या वर्गाला वेळही नाही आणि पैसेही नाहीत. अशा स्थितीत माध्यम कोणते नोंदवावे, आणि युक्तिवादाचे इंग्रजी लेखन वर्गाशिवाय कसे सुधारावे, याविषयी या मार्गाने गेलेल्यांनी सांगावे.

निवृत्त अध्यापिका

आपण अडचण अचूक मांडली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना अर्थशास्त्र शिकवले. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी बहुधा 'माझे इंग्रजी कच्चे आहे' एवढेच म्हणतात आणि मग व्याकरणाचे पुस्तक विकत घेऊन पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. अर्थशास्त्राचे इंग्रजी हे इंग्रजी भाषेचे एक लहानसे आणि बरेच कोरडे अंग आहे. वाढणे, घटणे, सरकणे, अवलंबून असणे, गृहीत धरणे, सूचित होणे अशी पंचवीस-तीस क्रियापदे, जर-तर या बांधणीची वाक्ये आणि 'इतर परिस्थिती कायम असताना' ही अट, एवढ्यावर सूक्ष्मलक्ष्यी अर्थशास्त्राचा बराचसा भाग लिहिता येतो. साहित्यिक इंग्रजीची येथे कोणी अपेक्षा करत नाही. किंबहुना परीक्षकाला ते नकोच असते.

माध्यमाविषयी माझे मत असे आहे की सर्व विषयांना एकच नियम लावू नये. ज्या विषयांत उत्तराचा भार आकृती, समीकरण आणि गणितावर असतो, म्हणजे सूक्ष्मलक्ष्यी अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्रीय पद्धती, ते पहिल्याच सत्रापासून इंग्रजीत लिहावेत, कारण तेथे प्रत्येक वाक्याला आकृतीचा आधार मिळतो. भारतीय अर्थव्यवस्था, कृषी अर्थशास्त्र, आर्थिक विचारांचा इतिहास यांत दीर्घ विवेचन लागते. तेथे पहिले सत्र मराठीत लिहावे आणि पुढे हळूहळू माध्यम बदलावे. असे विषयवार वेगळे माध्यम नोंदवता येते का, हे परीक्षा विभागात लेखी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो. एकाच उत्तरपत्रिकेत दोन्ही भाषा मिसळणे मात्र टाळावे.

आता सरावाविषयी. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' प्रसिद्ध करते. ती मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघते, मोफत उतरवून घेता येते आणि दोन्ही आवृत्त्यांतील प्रकरणे व तक्ते एकाच क्रमाने असतात. शेतीचे प्रकरण घ्यावे. एक परिच्छेद मराठीत वाचावा, पुस्तक मिटून त्यातील मुद्दा आपल्या इंग्रजीत लिहावा आणि नंतर इंग्रजी आवृत्तीतील परिच्छेद उघडून शेजारी ठेवावा. आपली वाक्ये कोठे तुटली आणि त्यांनी तोच संबंध कोणत्या बांधणीने जोडला, हे तेथल्या तेथे दिसते. मराठी आवृत्तीची भाषा बरीच सरकारी आहे, ती तेवढी सोसावी लागेल. भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी उत्तर टाकून इंग्रजी उत्तर मिळवण्याचा मोह अवश्य टाळावा. त्याने कागद भरतो, पण जोडणीचे काम यंत्राने केलेले असते आणि आपल्याला शिकायची आहे ती नेमकी जोडणीच.

दुसरा सराव असा की जे आपल्याला ठाऊक आहे त्यावर लिहावे. कॉबवेब सिद्धांत पुस्तकातील गव्हाच्या किंवा डुकरांच्या उदाहरणाने न लिहिता आपल्या कांद्याच्या उदाहरणाने लिहावा. मागणी अलवचिक (भाव बदलला तरी फारशी न बदलणारी) आणि पुरवठा त्या मानाने लवचिक असेल तर भावातील चढउतार शमण्याऐवजी वाढत जातात, हे विधान आधी लिहावे. मग कांद्याची मागणी अलवचिक का, याची दोन कारणे. मग पुरवठा लवचिक का, याची दोन कारणे. एवढ्याने एक पान होते. हे पान वेगवेगळ्या दिवशी, आधीचे न पाहता, पुन्हा लिहावे आणि मग सर्व पाने एकत्र ठेवून पाहावीत.

आपल्या अण्णांचा आग्रह मला पटतो, पण त्यासाठी मराठी सोडण्याची गरज नाही. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले, भारताच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा प्रबंध इंग्रजीत आहे आणि 1930 मध्ये सुरू झालेली पुण्याची गोखले संस्था त्यांनी घडवली. तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते आणि त्या कारखान्याचे पहिले अध्यक्षही होते. भागधारक शेतकऱ्यांसमोर त्यांचे इंग्रजी काय कामाचे होते? दोन्ही कामे दोन्ही भाषांत करावी लागतात, आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेसारख्या व्यासपीठांवर आजही मराठीत शोधनिबंध वाचले जातात.

आकडेवारी

अध्यापिकांच्या सरावाविषयीच्या सूचना उत्तम आहेत, परंतु माध्यमाविषयी मी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. मी एका बँकेच्या संशोधन विभागात काम करतो आणि माझेही शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात, मराठवाड्यात झाले.

माध्यमाचा निर्णय पुढच्या परीक्षेकडे पाहून घ्यावा. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेत उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. नेट परीक्षेची अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. राज्यसेवा हा एकच मोठा मार्ग असा आहे की जेथे मराठीतील तयारी थेट उपयोगी पडते. तेव्हा राज्यसेवा हे आपले स्वतःचे ध्येय असेल तर दादांचे म्हणणे बरोबर आहे आणि येथील बाकीची चर्चा आपल्याला लागू होत नाही. ते केवळ दादांचे ध्येय असेल तर सर्व विषय पहिल्या सत्रापासून इंग्रजीत लिहावेत. अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत असे केल्यास जे विषय अवघड वाटतात तेच नेमके मागे राहतात आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प लिहिण्याची वेळ येते तेव्हा दीर्घ विवेचनाचा सराव शून्य असतो.

पहिल्या सत्रात गुण कमी पडतील, हे खरे आहे. चार सत्रांच्या सरासरीत एका सत्राची घसरण भरून निघते. आणि मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा आपण एखादा तक्ता पाहून त्यावर तीन मिनिटे काय बोलता याला अधिक महत्त्व असते, असा माझा अनुभव आहे.

बोलण्याच्या सरावासाठी एकच सुचवतो. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक साधारण दोन महिन्यांनी होते आणि त्यानंतर गव्हर्नरांचे निवेदन प्रसिद्ध होते. त्याची चित्रफीत आणि लिखित मजकूर दोन्ही उपलब्ध असतात. मजकूर समोर ठेवून ऐकावे, मग मजकूर बाजूला ठेवून रेपो दर का बदलला किंवा का बदलला नाही, हे मोठ्याने सांगावे. निवेदनांची रचना दर वेळी जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस वाक्ये आपोआप जिभेवर येऊ लागतात. वसतिगृहातील मैत्रिणी हसतील, त्याला इलाज नाही.

गोदाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. मॅडम, मी परीक्षा विभागात अर्ज दिला आहे. सर, आपला प्रश्न योग्य आहे. राज्यसेवा हे माझे ध्येय नाही, मला शेतमालाच्या बाजारपेठेवर संशोधन करावयाचे आहे. हे मी घरी अजून स्पष्ट सांगितलेले नाही.

एका सत्राची घसरण भरून निघेल, असे आपण म्हणता, तेथे मात्र माझी अडचण आहे. वसतिगृहातील पुढील वर्षाचा प्रवेश पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरतो. तो न मिळाल्यास खोलीचे भाडे आणि खानावळ मिळून जो खर्च येईल तो घरून मागावा लागेल, आणि दादाने यंदा कांदा साठवण्याच्या नव्या चाळीसाठी पैसे गुंतवले आहेत. त्याने आधीच माझ्यासाठी पुरेसे सोडले आहे. म्हणून विषयवार माध्यमाचा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. संशोधनाविषयी घरी कसे सांगावे, हे मात्र सुचत नाही.

वऱ्हाडी, सध्या जर्मनीत

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक घरातील असून सध्या जर्मनीत कृषी अर्थशास्त्रात पीएच. डी. करत आहे. आपल्या शेवटच्या वाक्यापुरते लिहिते, बाकी वरील दोघांनी पुरेसे सांगितले आहे.

'मला संशोधन करायचे आहे' असे घरी सांगितले तर ते कोणाच्याही डोळ्यांसमोर उभे राहत नाही. अधिकारी, शिक्षक, बँकेतील साहेब ही चित्रे त्यांनी पाहिलेली आहेत. संशोधकाचे पाहिलेले नाही. म्हणून मी नाव सांगण्याऐवजी काम सांगितले. एम. ए.च्या प्रकल्पासाठी मी माझ्या वडिलांकडून आणि शेजारच्या काही घरांकडून कापूस विक्रीच्या पावत्या मागितल्या आणि जिनिंगवाल्याला घरच्या घरी विकलेला कापूस आणि बाजार समितीत नेलेला कापूस यांच्या हाती पडलेल्या भावात किती अंतर पडते, हे वाहतूक, हमाली आणि थांबण्याचा दिवस धरून काढले. तक्ता तयार झाल्यावर वडिलांनी तो तपासला आणि ओलाव्यापोटी होणारी कपात मी दोन ठिकाणी धरली आहे, हे त्यांनीच दाखवले. त्यानंतर घरात माझ्या शिक्षणाचा उद्देश पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

आपल्या दादांकडे लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारातील हिशेबपट्ट्या (विक्रीच्या पावत्या) असतीलच. बहुतेक शेतकरी त्या एखाद्या पिशवीत कोंबून ठेवतात आणि काही वर्षांनी फेकून देतात. त्या आजच मागून घ्याव्यात. प्रत्येक पट्टीवर तारीख, वजन, भाव आणि कपाती असतात. पाच-सहा वर्षांच्या पट्ट्या म्हणजे संशोधन प्रकल्पाचा पाया तयार आहे, आणि तोही असा की जो वर्गातील दुसऱ्या कोणाला सहज मिळणार नाही. नोंदी संगणकावर चढवताना शंका येतील तेव्हा दादांना दूरध्वनी करावा लागेल. हे संभाषण मराठीत होईल, टिपणे इंग्रजीत होतील. इंग्रजीत लिहिलेला परिच्छेद त्यांना मराठीत सांगून पाहावा. तर्क कोठे लंगडा आहे, हे ज्याने माल विकला आहे त्याला आपल्या मार्गदर्शकांपेक्षा लवकर कळते. माझ्या बाबतीत तरी असेच झाले.

आणि दादांनी आपल्यासाठी शिक्षण सोडले याचे जे ओझे आपल्या लेखनातून जाणवते, त्याविषयी एवढेच म्हणते की अधिक गुण मिळवून ते उतरत नाही. त्यांना कामात सहभागी करून घेतले तर निदान ते ओझे एकटीने वाहावे लागत नाही.

चाळीतला कांदा

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही; वाणिज्य शाखेचा पदवीधर असून नाशिक जिल्ह्यात कांद्याचा व्यापार करतो. धागा वाचताना एक गोष्ट खटकली, म्हणून लिहितो. कांद्यावर कॉबवेब सिद्धांत लिहिताना सर्व कांदा एकच धरू नये. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. तेथे वरील चक्र बरेचसे लागू पडते. उन्हाळ कांदा मात्र एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत ठेवला जातो आणि ऑक्टोबरपर्यंत, कधी त्यापुढेही, टप्प्याटप्प्याने बाहेर येतो. तेथे शेतकरी केवळ मागील भावावर चालत नाही, तर पुढे काय भाव मिळेल याचा अंदाज बांधून माल रोखतो, आणि सड व वजनातील घट यांची जोखीम स्वतः घेतो. दादांची नवी चाळ म्हणजे नेमका हाच निर्णय आहे.

दुसरे, सरकारी निर्णय बाजूला ठेवून हा भाव समजत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आले, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) आले, डिसेंबरमध्ये बंदी आली. मार्चनंतरही लांबलेली बंदी मे 2024 मध्ये उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क 20 टक्क्यांवर आले आणि ते 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण हटले. या प्रत्येक तारखेच्या मागचे-पुढचे लिलावाचे भाव आणि आपल्या घरच्या पट्ट्या शेजारी ठेवल्यास, शेतकऱ्याने चुकीचा अंदाज केला की त्याचा अंदाज बरोबर असूनही नियम मध्येच बदलला, हे वेगळे काढता येईल. पुस्तकी सिद्धांतात हा फरक येत नाही. कोणत्याही भाषेत लिहा, पण हे लिहा.

निवृत्त अध्यापिका

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी दिलेले उदाहरण लाल कांद्यापुरते मर्यादित करून लिहावे आणि उन्हाळ कांद्यासाठी साठवणूक व अपेक्षा यांचा वेगळा परिच्छेद जोडावा. वसतिगृहाची अट पाहता आकडेवारी यांचा सर्व विषय इंग्रजीत लिहिण्याचा सल्ला या वर्षापुरता मागे ठेवणे योग्य, असेच मला वाटते.

परीक्षा विभागाचे उत्तर मुदतीपूर्वी आले नाही तर अर्ज रिकामा ठेवू नये. विषयवार पर्याय नसल्यास पहिल्या सत्रासाठी मराठी नोंदवावे, अंतर्गत मूल्यमापनातील निबंध आणि चर्चासत्रे मात्र इंग्रजीत द्यावीत; त्यांचे गुण कमी असतात आणि शिक्षक दुरुस्ती करून कागद परत देतात, जे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेच्या बाबतीत होत नाही. दुसऱ्या सत्राच्या अर्जात माध्यम बदलता येते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

गोदाकाठची

आज परीक्षा विभागात जाऊन आले. विषयवार माध्यम नोंदवता येते, एका प्रश्नपत्रिकेला एकच भाषा हवी. सूक्ष्मलक्ष्यी अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्रीय पद्धती इंग्रजीत, उरलेले विषय मराठीत असा अर्ज भरला. दादाला पट्ट्यांविषयी विचारले. 2019 पासूनच्या आहेत, त्याआधीच्या आईने चूल पेटवण्यात वापरल्या. तो शनिवारी छायाचित्रे पाठवणार आहे. व्यापारी काकांना एक विनंती : लिलावात एकाच दिवशी किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर होतात, त्यांतील सरासरी भाव बाजार समिती नेमका कसा काढते, हे सवडीने सांगावे.